पोरींकडे हेल्मेट नाही, मग मी तरी का घालू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चोपडा तालुक्यातले एक शिक्षक, वय पंचेचाळीसच्या आसपास. शाळकरी वयापासून सायकल चालवतात, आजही घर ते शाळा सायकलनेच जातात. तालुक्यातल्या सायकल ग्रुपने जानेवारीतल्या एका रविवारी राईड ठेवलीय, चोपड्याहून अडावदमार्गे उनपदेवला जाऊन परत, चाळीस-पन्नास किलोमीटर. सरांनी नाव दिलं, आणि शाळेतल्या नववी-दहावीच्या सहा मुलीही हौसेने तयार झाल्या, सगळ्यांकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली. मग ग्रुपवर मेसेज आला की हेल्मेट सक्तीचं आहे, नसेल त्याला सुरुवातीलाच थांबवणार. एकाही मुलीकडे हेल्मेट नाही आणि घरून मिळण्यासारखी परिस्थितीही नाही. सर चिडले. लिहितात, "तीस वर्षांत एकदाही डोक्यावर पडलो नाही. ट्रकने उडवलं तर तो थर्माकोलचा तुकडा काय वाचवणार? कायद्यात सायकलला हेल्मेट नाही, नेदरलँड्समध्ये कोणी घालत नाही, उलट हेल्मेट बघून गाडीवाले जास्त जवळून जातात असं वाचलंय. हा महागड्या सायकलवाल्यांचा शौक आहे आणि गरिबाच्या पोरी त्यात बाहेर राहतात. ताई, मी हेल्मेट घालून त्यांच्यात जाऊ, की मुलींच्या बाजूने नाव काढून घेऊ?"

सर, नमस्कार.

आधी एक विचारते. समजा उद्या ग्रुपवाल्यांनी सहा हेल्मेट आणून तुमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले घ्या सर, पोरींची सोय झाली. मग तुम्ही स्वतः घालाल का?

तुमच्या पत्रात याचं उत्तर मला सापडलं नाही, म्हणजे अर्ध्या पत्रात वाटतं की मुलींना मिळालं तर तुमची काही हरकत नाही, आणि अर्ध्या पत्रात वाटतं की हेल्मेट ही वस्तूच बिनकामाची आहे. बिनकामाची असेल तर मुलींना मिळालं नाही यात अन्याय कसला, आणि कामाची असेल तर तुम्ही ती न घालता पन्नास किलोमीटर जाऊन मुलींना काय मिळणार? तुमचा राग मला पूर्ण पटतो, मी स्वतः झेडपीच्या शाळेत शिकलेय, "ज्याच्याकडे आहे तोच या" ही भाषा ऐकली की पोटात काय होतं ते मला माहिती आहे. पण तो राग नियम करणाऱ्यांवर आहे आणि निघतोय हेल्मेटवर. म्हणून मी आधी फक्त हेल्मेटचं बोलते, पोरींचं नंतर, आणि ते जास्त सविस्तर.

तीस वर्षांत पडला नाहीत, हे खरंच असणार. पण ती तीस वर्षं कशी चालवली ते बघा ना. एकटे, घर ते शाळा, ताशी बारा-पंधराचा वेग, रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ, कोणत्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं तेही माहिती, समोरून उसाची बैलगाडी किंवा कापसाचं ट्रॅक्टर आलं की पाय टेकवून थांबायचं. ती सायकल चालवणं वेगळं आणि रविवारी सकाळी चाळीस-पन्नास अनोळखी लोकांच्या घोळक्यात चालवणं वेगळं. तिथे पुढच्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक यात हातभर अंतर असतं, कोणी गप्पा मारतंय, कोणी एका हाताने फोटो काढतंय, कोणी कालच गिअरची सायकल आणलीय आणि डिस्क ब्रेक किती दाबायचा हे अजून कळलेलं नाही. वाटेत गावं लागतात, गाव आलं की स्पीडब्रेकर, आणि त्यावर पांढरे पट्टे असतीलच असं नाही. येताना सातपुड्याच्या पायथ्याकडून खाली यायचंय, म्हणजे न कळत वेग वाढणार. तुमचा तीस वर्षांचा रेकॉर्ड या घोळक्यातला नाही, तो दुसऱ्याच खेळातला आहे.

आणि घोळक्यातलं पडणं फार चमत्कारिक असतं. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने नुसतं घासलं की पडतो तो मागचा, पुढच्याला तर कळतही नाही. हँडल एका क्षणात वाकडं होतं, हात टेकवायला वेळ मिळत नाही, माणूस बाजूला पडतो, खांदा आणि पाठोपाठ डोकं. यात पडणाऱ्याची चूक असतेच असंही नाही, चौथ्या नंबरच्याने ब्रेक दाबला म्हणून आठवा पडतो.

हे मी वाचून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी एरंडोलहून पद्मालयाला जाणाऱ्या एका राईडला मी मागच्या गाडीत मदतीला होते. एका गावाबाहेर कुत्रं आडवं आलं, पुढच्याने ब्रेक मारला, आणि मागे एक पंचविशीचा मुलगा आडवा झाला. वेग काही फार नव्हता हो, वीसही नसेल. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पण होतं म्हणजे मागे सरकवलेलं, कपाळ पूर्ण उघडं आणि खालचा पट्टा लोंबकळत, गरम होतं म्हणून काढला म्हणे. तो पडला तेव्हा हेल्मेट आधी निघून रस्त्याच्या कडेच्या चारीत गेलं आणि कपाळाची बाजू डांबरावर आपटली. टाके पडले ते सोडा, मला लक्षात राहिलंय ते वेगळंच. तो उठून बसला, हसला, आणि विचारलं, "ताई, किती किलोमीटर राहिले?" मी सांगितलं. दोन मिनिटांनी परत तेच. परत तेच. गाडीत बसवून जळगावला नेईपर्यंत त्याने तो एकच प्रश्न किती वेळा विचारला असेल, आणि प्रत्येक वेळी त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारल्यासारखा. बरोबरचे दोघे म्हणत होते, काही नही व्हस ताई, पाणी पाजा, पूर्ण करेल तो राईड. मी नाही करू दिली. आज तो ठणठणीत आहे, पण त्या गाडीतला तो रस्ता मी विसरले नाही.

(मध्येच एक सगळ्यांसाठीच सांगून ठेवते. डोक्यावर पडलेला माणूस तेच तेच विचारायला लागला, उलटी झाली, झोप यायला लागली, गोंधळल्यासारखा वाटला तर राईड तिथेच संपली, त्याने कितीही हट्ट केला तरी सायकल गाडीत टाकायची आणि दवाखान्यात न्यायचं. जखम दिसत नाही म्हणून मार नाही असं समजू नका.)

आता तुमचा ट्रकचा मुद्दा. यात तुम्ही बऱ्याच अंशी बरोबर आहात आणि ते मी मान्य करते. केळीने भरलेला ट्रक वेगात येऊन धडकला तर सायकलच्या हेल्मेटकडून फार अपेक्षा ठेवू नये, ते त्यासाठी बनवलेलंच नाही. युरोपातलं जे मानक आहे, ईएन १०७८, त्यात हेल्मेटच्या आत डोक्याच्या आकाराचा साचा बसवून ते सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने सपाट लोखंडावर आदळवतात, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून पडल्यासारखं. अमेरिकेच्या चाचणीत उंची दोन मीटर आहे. दीड-दोन मीटर म्हणजे काय तर सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर! हेल्मेट बनलंच आहे सायकलवरून आपलं आपण जमिनीवर पडण्यासाठी. आणि सेकंदाला ५.४२ मीटर म्हणजे ताशी वीसच्या आतच, हे ऐकून कोणी म्हणेल मी तर पंचवीसने चालवतो, मग काय उपयोग. पण डोकं जमिनीवर आपटतं ते खाली पडण्याच्या वेगाने, पुढे जाण्याच्या वेगाने माणूस घसरतो, खरचटतो, लोळतो. समोर भिंत किंवा गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

ट्रकपासून वाचायचे उपाय वेगळे आहेत आणि ते ग्रुपवाल्यांना तुम्ही जरूर विचारा, अगदी ठासून विचारा. मागे लाल लाईट आहे का, अंगात चमकणारं जॅकेट आहे का, जानेवारीत आपल्याकडे सातच्या आसपास सूर्य उगवतो तर राईड अंधारात तर सुरू करत नाहीत ना, शेवटच्या माणसाच्या मागे गाडी आहे का. फक्त हेल्मेट सक्तीचं केलं आणि बाकी काही बघितलं नाही तर तो नियम अर्धवट आहे.

"थर्माकोलचा तुकडा" हेही चूक नाही, तो खरंच त्याच जातीचा फोम असतो, आणि त्याचं कामच चेपायचं. आपटल्यावर तो चेपतो, तडकतो आणि तेवढा धक्का डोक्यापर्यंत कमी पोचतो. एकदा चेपला की संपला, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या ऑलिव्हिए आणि क्रायटन या दोघांनी तोवर झालेले ४० अभ्यास एकत्र करून पाहिले, ६४ हजारांवर जखमी सायकलस्वारांचे. अपघात झालेल्यांमध्ये हेल्मेटवाल्यांना गंभीर डोकेदुखापत होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी निघाली. यात अपघात होऊ नये म्हणून हेल्मेट काही करतं असं कोणी म्हटलेलं नाही, झाल्यावर डोक्याचं काय होतं एवढंच मोजलंय, आणि तेवढंच त्याचं काम आहे.

गाडीवाले जवळून जातात हे तुम्ही वाचलंय तेही खरंच छापून आलेलं आहे. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी २००६ मध्ये स्वतः सायकल चालवून मोजलं, हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जवळून गेल्या. पुढे २०१३ मध्ये तेच आकडे दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासले आणि हेल्मेटमुळे असा अर्थ काढता येत नाही असं लिहिलं. वाद अजून चालू आहे. पण सर, सकाळच्या राईडमध्ये पुढे एक गाडी, मागे एक गाडी आणि मध्ये पन्नास जणांची रांग असताना हा मुद्दा कितीसा लागू पडतो ते तुम्हीच सांगा.

कायद्याचं तुम्ही बरोबर सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकलला लागू आहे, सायकलला नाही. तुम्ही उद्या शाळेत बिनहेल्मेट गेलात तर कोणी अडवणार नाही आणि माझंही काही म्हणणं नाही. पण राईड ठेवणारा माणूस लोकांना बोलावतो, म्हणजे त्यांची थोडी जबाबदारी घेतो. शाळेची सहल काढताना पालकांची सही घेतो ना आपण, सगळ्याच गोष्टी कायदा सांगतो म्हणून करत नाही.

आणि नेदरलँड्स. तिथे रोजच्या सायकलवर हेल्मेट फार कमी लोक घालतात हे खरं आहे, कारण सायकलचा रस्ता वेगळा, वेग कमी, माणूस ताठ बसलेला. तुमच्या घर ते शाळा सायकलिंगची आठवण येते की नाही? पण त्याच देशात रविवारी सकाळी रेसच्या सायकली घेऊन घोळक्याने जाणारे लोक बहुतेक सगळे हेल्मेट घालून असतात. एकाच देशात दोन पद्धती, आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नाही.

सक्तीचा राग फक्त तुम्हालाच येतो असंही नाही. १९९१ मध्ये सायकल रेसिंगच्या जागतिक संघटनेने हेल्मेट सक्तीचं केलं तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत जगातल्या सगळ्यात तरबेज सायकलपटूंनी विरोध केला आणि नियम मागे घ्यायला लावला. कारणं बरीचशी तुमचीच होती, गरम होतं, आम्हाला चालवता येतं, आमचं डोकं आमचं. बारा वर्षांनी, मार्च २००३ मध्ये, त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला. गाडी नाही, ट्रक नाही, बरोबरच्या दोन सायकलपटूंशी चाक-हँडल गुंतलं आणि तो डोक्यावर पडला, हेल्मेट नव्हतं, दुसऱ्या दिवशी गेला. वय २९. त्याच वर्षी हेल्मेट सक्तीचं झालं. सुरुवातीला एक सवलत ठेवली होती, शर्यतीच्या शेवटी मोठी चढण असेल तर तिथे काढता येईल, पुढे तीही बंद झाली.

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचं माझं उत्तर स्पष्ट आहे, राईडला हेल्मेट घाला. शाळेत जाताना घालायचं का हे तुम्ही ठरवा, मी असते तर हायवेला लागत असेल तर घातलं असतं आणि गावातल्या गावात नसतं घातलं, आणि एखाद्या दिवशी हेल्मेट सापडत नाही म्हणून सायकल सोडून मोटरसायकल तर अजिबात काढली नसती.

आता पोरी.

इथे तुमचं म्हणणं मला ग्रुपवाल्यांपेक्षा जास्त पटतं. सक्ती केली की कोणी तरी गळतं, आणि गळतात ते बहुतेक लहान आणि गरीब. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जुलै १९९० पासून सगळ्या सायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं झालं, त्यानंतर मेलबर्नच्या रस्त्यांवर मोजणी केली तेव्हा सायकल चालवणाऱ्या बारा ते सतरा वयाच्या मुलामुलींची संख्या चांगलीच घटलेली दिसली. म्हणजे नियम चांगल्या हेतूने केला तरी कोणाला तरी घरी बसवू शकतो, तुमची शंका हवेतली नाही. नियम करणाऱ्याने लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा होता की ज्याच्याकडे नाही त्याचं काय करायचं, आणि तो कोणीच विचारला नाही.

पण तुम्ही नाव काढून घेतलंत तर काय होईल ते डोळ्यासमोर आणून बघा. ग्रुपवर एक मेसेज पडेल, दोन-चार जण हळहळतील, एखादा म्हणेल सर फार तत्त्वाचे आहेत, रविवारी राईड निघेल आणि पोरी घरी भांडी घासत असतील. त्यांच्या बाजूने बोलणारा त्या ग्रुपमध्ये एकटा तुम्ही आहात, तोच बाहेर गेला की विषय मिटला. आत राहून भांडलात तर मात्र काही होऊ शकतं, आणि भांडण तरी कुठे, मला वाटतं नुसतं विचारल्यावर निम्मं काम होईल, लोक वाईट नसतात, त्यांच्या डोक्यात आलेलं नसतं.

काय मागायचं ते सांगते. साधं, चांगल्या कंपनीचं सायकलचं हेल्मेट हजार ते दोन हजारात मिळतं. पन्नास जणांची राईड असेल तर टी-शर्ट आणि मेडलवर किती खर्च होतो याचा अंदाज तुम्हाला असेलच. या वर्षी मेडल नको, सात-आठ हेल्मेट घ्या, ती ग्रुपच्या मालकीची राहू द्या, प्रत्येक राईडला ज्याच्याकडे नाही त्याला द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची, असा प्रस्ताव तुम्ही ठेवा. गावात क्रिकेटचं किट असतंच ना सामायिक, पॅड काय प्रत्येकाचे स्वतःचे असतात? आत घालायला सुती रुमाल ज्याचा त्याने आणायचा. एका वहीत लिहून ठेवायचं कोणतं कोणी वापरलं आणि पडलं का, कारण आपटलेलं हेल्मेट न सांगता परत ठेवलं तर पुढच्या पोरीच्या डोक्यावर निकामी वस्तू जाते.

ग्रुपमधल्या जुन्या लोकांच्या घरी नवीन घेतल्यावर पडून राहिलेली हेल्मेटही असतात. मागायला लाजू नका, पण घेताना विचारा कधी आपटलंय का, आतल्या फोमला बोटाने चाचपून भेग बघा, पट्टे आणि क्लिप ओढून बघा. कडक उन्हात बंद गाडीत महिनोन्‌महिने राहिलेलं किंवा थिनर, ऑइलपेंट लागलेलं असेल तर नको. कोणी म्हणेल मोटरसायकलचं हेल्मेट घाला पोरींनो, तर तेही नको, ते किलोभराचं किंवा जास्तच असतं, पॅडल मारताना मान अवघडते, कान झाकले की मागची गाडी ऐकू येत नाही आणि आत घामाने जीव घाबरा होतो. सायकलचं हेल्मेट तीनशे ग्रॅमच्या आसपास असतं.

आणि हेल्मेट मिळाली नाहीतच तर? मी स्पष्ट सांगते, मग मी त्या पोरींना त्या घोळक्यात नेणार नाही, आणि तुम्हीही नेऊ नका. त्यांचा यायचा हक्क आहे, एवढ्याच कारणासाठी नेऊ नका. त्याऐवजी ग्रुपला म्हणा की त्याच दिवशी दुसरी छोटी राईड ठेवा, गावातून निघून कमी रहदारीच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर, एकामागे एक, मध्ये दोन सायकलचं अंतर, वेग गप्पा मारता येतील इतकाच. म्हणजे रोज शाळेत जातात तसंच, फक्त बरोबर वीस जण आणि शेवटी पोहे. तशा राईडला हेल्मेट नसलं तरी मी हरकत घेणार नाही.

खरं तर हेल्मेट मिळाली तरी पन्नास किलोमीटर पहिल्याच फटक्यात हवंच का, याचाही विचार करा. मानव विकासची सायकल जड, गिअर नाही, शाळा ते घर यापलीकडे ती कधी गेली नसेल. ताशी बारा धरले तरी चार तास सीटवर, आणि वर जाताना चढ. पोरी जिद्दी असतात, शेतातलं काम करणाऱ्या पोरींना ताकदीचं कोणी शिकवायला नको, पण दमलेला माणूस जास्त पडतो. आतापासून दर रविवारी दहा, मग पंधरा, मग पंचवीस असं करा तुमच्याबरोबर. नाहीच जमलं तर अडावदपर्यंत जाऊन मागच्या गाडीने परत, यात कमीपणा काही नाही.

घरच्यांची लेखी संमती घ्या, मुख्याध्यापकांच्या कानावर घाला आणि एक बाई बरोबर असू द्या, शाळेतल्या मॅडम नाही तर एखादीची आई गाडीत, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सायकली मात्र आधीच्या आठवड्यात दुकानात दाखवा. ब्रेकचे रबर झिजून लोखंड लागलेलं असतं आणि पोरी पाय घासून सायकल थांबवत असतात, मी बघितलंय. तीस-चाळीस रुपयांचे रबर असतील, ते हेल्मेटच्या आधी बदला. आणि ओढणी! ड्रेस घालून येणार असतील तर ओढणी एकतर घरी, नाहीतर कमरेला घट्ट बांधलेली, मागच्या चाकात ओढणी गेली की ब्रेक लागायच्या आधी माणूस मागे खेचला जातो. शाळेच्या पीटीचा ड्रेस सगळ्यात चांगला.

उन्हाचं तुम्ही एक वाक्य लिहिलं नाहीत पण बाकीच्या वाचकांची तीच पहिली तक्रार असते, की पुणे-नाशिकचं ठीक आहे हो, आमच्या भुसावळ-जळगावात पंचेचाळीस डिग्रीत डोक्यावर काय घालता. तर मे महिन्यात दुपारी राईड कोणी ठेवू नये आणि ठेवली तर हेल्मेट असो नसो जाऊ नये. जानेवारीच्या सकाळी आपल्याकडे दात वाजतात, हेल्मेटखाली रुमाल बांधावा लागतो उलट. मार्चनंतर वरून भोकं जास्त असलेलं घ्या, रुमाल ओला करून आत घाला, सकाळी नऊच्या आत घरी या.

ज्यांचे वडील, काका सत्तरीत आजही सायकलवर शेतात जातात आणि हेल्मेटचं नाव काढलं की हसतात, त्यांचीही पत्रं येतात मला. त्यांच्या मागे लागू नका. त्यांच्या सायकलच्या मागच्या मडगार्डला एक चांगला लाल लाईट लावून द्या आणि कॅरिअरच्या पाटीला चमकणारी पट्टी चिकटवा, संध्याकाळी अंधारात शेतातून येताना त्याचा उपयोग जास्त आहे, आणि ते काढून टाकायचे कष्ट घेणार नाहीत.

सर, ग्रुपच्या माणसाला मेसेज करू नका, फोन करा. मेसेजवर "नियम म्हणजे नियम" एवढंच उत्तर येतं, फोनवर माणूस ऐकतो. सुरुवात भांडणाने नको, "माझ्या सहा पोरी येताहेत, त्यांच्यासाठी हेल्मेटची काय सोय करूया" अशी करा.

फोन करायच्या आधी साईज काढून ठेवा, नाहीतर दुकानातून सगळी एकाच मापाची येतात आणि नववीतल्या पोरीच्या डोक्यावर ती गोल फिरतात. शिंप्याची टेप आणा, वेण्या रोजच्यासारख्याच राहू द्या, भुवयांच्या बोटभर वरून टेप डोक्याभोवती फिरवा आणि सेंटीमीटर लिहून घ्या. घालताना पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा त्रिकोण, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी जागा, आणि मोठ्ठी जांभई दिल्यावर हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. हे मधल्या सुट्टीत वर्गातच करून घेता येईल, दहा मिनिटांचं काम आहे. एकूण सात मापं होतील, तुमचं धरून.